पेशींतील दरवाजे

पैनगंगेवरील इसापूर धरणाचें पाणी हदगावच्या शिवारास परिचित आहे. धरणाचा उपयोग जितका भिंतीवर, तितकाच दरवाजांवर अवलंबून असतो. दरवाजे मुळींच उघडले नाहींत तर शेत कोरडें राहतें. सर्वच उघडे राहिले तर धरण रितें होतें. मनुष्याच्या बहुतेक पेशींत अशींच सूक्ष्म धरणें आहेत. त्यांस तंतुकणिका म्हणतात.

तंतुकणिकेस दोन पापुद्रे असतात. अन्नापासून मिळालेल्या शक्तीनें हायड्रोजनाचे विद्युद्भारित कण, म्हणजे प्रोटॉन, आंतील पापुद्र्याबाहेर ढकलले जातात. तेथें सांठलेले हे कण परत येतांना वाटेंतील एक चक्र फिरवितात व त्यायोगें एटीपी हें पेशीचें इंधन तयार होतें. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनीं १९६१ सालीं ही उपपत्ति मांडली. प्रथम तिच्यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाहीं. १९७८ सालीं मात्र त्यांस तिच्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें.

या पापुद्र्यांत प्रथिनांचे दरवाजेहि आहेत. विद्युद्भारित कणांस आयन म्हणतात. ते या दरवाजांतून ये-जा करतात. बाहेरील पापुद्र्याचा मोठा दरवाजा १९७६ सालीं उजेडांत आला. आंतील पापुद्र्यांत केवळ कॅल्शियमसाठीं एक दरवाजा आहे. त्याचें प्रथिन २०११ सालीं ओळखलें गेलें. स्नायु काम करूं लागला कीं या वाटेनें कॅल्शियम आंत शिरतें आणि इंधननिर्मितीस वेग येतो.

परंतु अति झालें कीं अनर्थ ओढवतो. हृदयाच्या धमनींत गुठळी अडकली कीं पेशी प्राणवायूवांचून तळमळते आणि तिच्यांत कॅल्शियम सांचूं लागतें. रक्त पुन्हां वाहूं लागतांच त्या भारानें आंतील पापुद्र्यांत मोठें छिद्र उघडतें. धरण फुटतें, पेशी मरते. सायक्लोस्पोरिन या औषधानें प्रयोगशाळेंत हें छिद्र रोखतां येतें. २००८ सालीं थोड्या रोग्यांवरील चाचणीनें आशा उत्पन्न केली. २०१५ सालच्या सुमारें ९७० रोग्यांवरील चाचणींत मात्र लाभ दिसला नाहीं.

रक्तप्रवाह सुरू न केल्यास त्या पेशी मरणारच. आणि उपासमार जितकी लांबेल, तितकीं अधिक धरणें फुटतील. म्हणून छातींत दडपण येऊन घाम फुटल्यास पित्त समजून घरीं बसूं नये. १०८ क्रमांकास तत्काळ कळवून रुग्णालय गांठावें. दरवाजा सांभाळणारें औषध जोंवर हातीं नाहीं, तोंवर वेळ सांभाळणें हेंच खरें औषध होय.