संगणक बंद होताना अडवणारा अनोळखी प्रोग्रॅम कसा शोधावा?

रात्री दुकान वाढवायची वेळ होते, गल्ला मोजून होतो, शटर अर्धे खाली येते. शेवटी संगणक बंद करायला घ्यावा तर पडदाभर पाटी उभी राहते: अमुक एक प्रोग्रॅम संगणक बंद होऊ देत नाही. त्या प्रोग्रॅमचे नाव आपण कधी ऐकलेलेही नसते. खाली दोन बटणे, एक 'तरीही बंद करा' आणि दुसरे 'रद्द करा'. इशाच्या जमातीची वेळ झालेली असते, नोकर किल्ली घेऊन उभा असतो. बहुतेक जण पहिले बटण दाबून मोकळे होतात. काही जण तेवढाही धीर न धरता भिंतीवरचा स्विचच बंद करतात.

एखाद्या दिवशी असे झाले तर ते सोडून द्यावे. पण रोज होऊ लागले तर व्यापारी बांधवांनी त्याकडे काणाडोळा करू नये, असे आम्हाला वाटते. ज्या प्रोग्रॅमला आपण जबरदस्तीने बंद करतो, तो त्या क्षणी काय करत होता हे आपल्याला ठाऊक नसते. प्रिंटरमधली शाई किती उरली हे सांगणारा किरकोळ प्रोग्रॅम असेल तर काही बिघडत नाही. मात्र हिशेबाचा प्रोग्रॅम खतावणीची फाइल लिहीत असेल, तर ती फाइल अर्धवट राहू शकते. मग सकाळी खाते उघडत नाही. कोणाकडे किती उधारी आहे, कारागिराला उचल किती दिली, या महिन्याच्या जीएसटीच्या विवरणात काय भरायचे, सारेच अडते.

अशा वेळी दुरुस्तीवाल्याकडून हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'फॉरमॅट मारावे लागेल'. आमच्या मते हा सल्ला बहुतेक वेळा रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशा थाटाचा असतो. सगळे पुसून नव्याने भरले की चार दिवस बरे वाटते. नंतर तोच प्रिंटर, तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवले जाते आणि तीच पाटी परत येते.

मुळात संगणक बंद होताना आत काय घडते ते पाहू. 'शट डाउन' म्हणताच विंडोज चालू असलेल्या प्रोग्रॅमना निरोप धाडते: काम आवरते घेत आहोत, तुमची तयारी आहे काय? प्रोग्रॅमने होकार दिला की दुसरा निरोप जातो: आता मिटवा. प्रोग्रॅमने आपल्या फाइली नीट बंद करून निघून जायचे असते. उत्तरासाठी साधारण ५ सेकंदांची मुदत असते. तेवढ्यात उत्तर आले नाही, किंवा 'थांबा' असे उत्तर आले, की ती पाटी दिसते. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून, थांबवायचे कारण पाटीवर लिहिण्याची सोयही प्रोग्रॅमना मिळाली आहे. शहाणे प्रोग्रॅम ती वापरतात. त्रास देणारे बहुधा गप्पच राहतात.

आता नावाचा घोळ. पाटीवर दिसते ते पुष्कळदा खिडकीचे नाव असते, फाइलचे नव्हे. दुकानाच्या बोर्डावर एक नाव आणि गुमास्ता परवान्यावर दुसरेच, तशातला हा प्रकार आहे. त्यातही काही खिडक्या डोळ्यांना दिसतच नाहीत, पडद्यामागे कामापुरत्या उघडलेल्या असतात. 'जीडीआय प्लस विंडो' हे नाव अनेकांनी पाहिले असेल. या नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅमच नाही. चित्रे व अक्षरे रेखाटण्याचे विंडोजचे एक ठरलेले साहित्य आहे, ते जो कोणी वापरेल त्याच्या नावे ही अदृश्य खिडकी उघडते. नव्या आवृत्त्यांत नावापुढे कंसात फाइलचे नाव येते, आणि खरा धागा तोच असतो. 'डीडीई सर्व्हर विंडो' हीदेखील अशीच. प्रोग्रॅमनी एकमेकांना माहिती देण्याची १९८७ सालची जुनी पद्धत म्हणजे डीडीई, तिचे अवशेष अजून शिल्लक आहेत. 'टास्क होस्ट' हा तर नुसता हमाल आहे, तो दुसऱ्याचे ओझे वाहतो. २००० नंतरच्या काही वर्षांत 'सीसीअ‍ॅप' नावाने लोकांना असेच हैराण केले होते. पुष्कळांना तो व्हायरस वाटे. प्रत्यक्षात तो नॉर्टन अँटिव्हायरसचाच एक भाग होता.

नाव फसवू शकते याचे याहून मोठे उदाहरण ऑगस्ट २००३ मधले आहे. जगभरचे संगणक अचानक ६० सेकंदांची उलटी मोजणी दाखवून आपोआप बंद होऊ लागले. सूचनेत नाव होते विंडोजच्याच 'आरपीसी' या सेवेचे. लोक त्या सेवेला दोष देत राहिले. खरा गुन्हेगार होता 'ब्लास्टर' नावाचा वर्म. तो नेटवर्कमधून शिरे आणि त्याच्या धक्क्याने ती सेवा कोसळे. पाटीवर नाव आले ते मार खाणाऱ्याचे. पुढच्या वर्षी, एप्रिल २००४ च्या अखेरीस, 'सॅसर'ने हाच खेळ 'एलसास' या दुसऱ्या सेवेबाबत केला. दोन्ही वेळा बचावाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने आधीच दिलेली होती. ब्लास्टरच्या बाबतीत तर ती जवळजवळ महिनाभर अगोदर, १६ जुलैला आली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने, त्यावरच दुकान चालवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

प्रत्यक्ष शोधाला लागताना पहिले काम वहीत टिपण करण्याचे. पाटीवरचे नाव अक्षर न अक्षर उतरवून घ्यावे, मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल. त्या दिवशी काय काय उघडले होते, प्रिंटर चालवला होता का, जीएसटीच्या पोर्टलवर डिजिटल सही केली होती का, पेनड्राइव्ह लावला होता का, तेही लिहावे. चार-पाच दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्या की पुष्कळदा माणूस स्वतःच ओळखतो. सही केलेल्या दिवशीच संगणक अडत असेल, तर सही करणारा साइनर प्रोग्रॅम पाठीमागे चालू राहिला आहे हे सांगायला ज्योतिषी नको.

तेवढ्याने उलगडा झाला नाही तर पाटी येताच 'रद्द करा' दाबावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. या वेळेपर्यंत बाकीचे बरेच प्रोग्रॅम निघून गेलेले असतात आणि अडलेला मात्र जागेवर असतो, म्हणून यादी नेहमीपेक्षा आखूड मिळते. 'डिटेल्स'मध्ये जाऊन संशयित नावावर माउसचे उजवे बटण दाबावे व 'ओपन फाइल लोकेशन' निवडावे. फाइल कोणत्या घरात राहते यावरून तिची निम्मी ओळख पटते. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये कंपनीच्या नावाच्या फोल्डरात असेल तर प्रश्न मिटला. 'सिस्टम ३२' मध्ये असेल तर बहुधा विंडोजची, तिला हात लावू नये. 'टेम्प' किंवा 'अ‍ॅपडेटा'मध्ये अर्थहीन अक्षरांच्या नावाने बसली असेल तर सावध व्हावे. अर्थात झूमसारखे साधे प्रोग्रॅमही 'अ‍ॅपडेटा'मध्ये राहतात, तेव्हा नुसत्या पत्त्यावरून कोणाला चोर ठरवू नये. फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हे पान असते, त्यावर बनवणाऱ्या कंपनीची सही आहे का पाहावे.

नावाच्या स्पेलिंगवरही नजर ठेवावी. 'एसव्हीसीहोस्ट' हा विंडोजचा खरा नोकर, तो एकाच वेळी अनेकदा यादीत दिसतो आणि 'सिस्टम ३२' मधून चालतो. 'एससीव्हीहोस्ट' असे दोन अक्षरांची अदलाबदल केलेले नाव दिसले, तर तो वेश पालटून आलेला समजावा. संशय असेल तर ती फाइल व्हायरसटोटल या संकेतस्थळावर तपासता येते, तिथे अनेक अँटिव्हायरसचे मत एकदम मिळते. मात्र तिथे फक्त प्रोग्रॅमची फाइल द्यावी, हिशेबाची कधीही नाही. अनोळखी नाव इंटरनेटवर शोधताना 'आमचे साधन उतरवून घ्या, दोष दूर होईल' असे सांगणाऱ्या पानांपासूनही दूर राहावे. दुखणे विचारायला जावे आणि नवे घेऊन यावे, असा तो सौदा असतो.

विंडोज स्वतःचा रोजनामाही ठेवते. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'अ‍ॅप्लिकेशन'च्या यादीत १००२ क्रमांकाच्या नोंदी पाहाव्यात. कोणता प्रोग्रॅम अडकून पडला, त्याची फाइल कुठे होती आणि किती वाजता, हे तिथे लिहिलेले असते. 'सिस्टम'च्या यादीतील ६००८ आणि ४१ या नोंदी वेगळ्या, त्या संगणक अवेळी बंद पडल्याच्या. ज्या भागात वीज वारंवार जाते आणि यूपीएसची बॅटरी थकलेली आहे, तिथे या नोंदींचा ढीग सापडेल. त्याचा दोष प्रोग्रॅमवर टाकू नये.

इतके करूनही हाती काही लागले नाही, तर निम्मे-निम्मे करण्याचा उपाय आहे आणि आम्हाला तो सर्वांत भरवशाचा वाटतो. वायरमन फॉल्ट शोधताना अर्धी लाइन तोडून पाहतो, तेच इथे करायचे. विंडोजची कळ आणि 'आर' दाबून 'एमएसकॉन्फिग' असे इंग्रजीत टाइप करावे. 'सर्व्हिसेस'च्या पानावर आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर खूण करावी. ही पायरी चुकवू नये, नाहीतर विंडोजच्याच सेवा बंद होतील. उरलेल्यांपैकी निम्म्या बंद कराव्यात, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि नेहमीचे काम करून बंद करून पाहावा. पाटी आली तर दोषी चालू असलेल्या निम्म्यात, आली नाही तर बंद केलेल्या निम्म्यात. ३२ नावे असतील तर पाच फेऱ्यांत एकावर येतो. सेवांमध्ये सापडले नाही तर टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप'च्या यादीवर हाच प्रयोग करावा. दोन प्रोग्रॅम मिळून भांडत असतील तर मात्र ही रीत थोडी गोंधळवते, तेव्हा एकेक करून परत सुरू करावे. अँटिव्हायरस बंद ठेवून इंटरनेट वापरू नये. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची परवाना तपासणारी सेवा आणि छापखान्यात डोंगलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची सेवा बंद केल्यास ते सॉफ्टवेअर उघडणार नाही, तेव्हा घाबरून जाऊ नये.

ज्यांना याहून खोलात जायचे आहे त्यांनी 'ऑटोरन्स' हे साधन वापरावे. मार्क रुसिनोविच व ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्सने ते बनवले आणि २००६ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. ते मोफत आहे. आपोआप सुरू होणारे सारे काही त्यात एका जागी दिसते. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की बाहेरचे पाहुणे तेवढे उरतात.

दोषी सापडला की लगेच उडवू नये. आधी त्याची नवी आवृत्ती बसवून पाहावी, कारण अडणारा प्रोग्रॅम पुष्कळदा जुना झालेला असतो. जुन्या प्रिंटरचा, विकून टाकलेल्या बारकोड यंत्राचा किंवा काढलेल्या कॅमेऱ्याचा असेल तर 'अनइन्स्टॉल' करावा. लागतो पण क्वचितच, असा असेल तर 'स्टार्टअप'मधून काढून गरजेच्या दिवशी हाताने सुरू करावा. रजिस्ट्रीत 'ऑटो एंड टास्क्स' ही नोंद १ केली की पाटी येणेच थांबते, असा एक उपाय जाणकार म्हणवणारे सुचवतात. पाटी थांबते हे खरे, पण त्यानंतर विंडोज न विचारता प्रत्येक अडलेल्याला मारते, त्यात हिशेबाचा प्रोग्रॅमही आला. दुकानाच्या संगणकावर तो करू नये.

आणि हे सारे सुरू करण्याआधी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी व ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडते का, ते पाहून घ्यावे.