‘काल’ म्हटलं की ‘हॅज’ गळतो

दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकातून यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरची ‘शकुंतला’ रेल्वेगाडी धावायची. १९९४ मध्ये तिचं वाफेचं इंजिन जाऊन डिझेल इंजिन आलं. इंग्रजीत हे सांगताना साल उच्चारलं, की ‘द स्टीम इंजिन रिटायर्ड इन १९९४’ असा साधा भूतकाळच लागतो. ‘हॅज रिटायर्ड इन १९९४’ चालत नाही.

मराठी माणूस नेमका इथेच अडतो, कारण ‘पाहुणे कालच आले आहेत’ हे आपल्याकडे बिनचूक वाक्य आहे. इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘टू डेज अगो’ अशा सरलेल्या काळाच्या शब्दांशी ‘हॅव’ आणि ‘हॅज’चं जमत नाही.

मग ‘हॅव’-‘हॅज’चा पूर्ण वर्तमानकाळ कधी?

घटनेचा परिणाम आत्ताही जाणवत असेल तेव्हा. ‘आय हॅव लॉस्ट माय तिकीट’ म्हटलं, तर तिकीट अजून सापडलेलं नाही. नुसतं ‘आय लॉस्ट माय तिकीट’ म्हटलं, तर ते पुढे मिळालं की नाही, ते कळत नाही.

आधी सुरू झालेली गोष्ट अजून चालू असेल, तेव्हाही हाच काळ. ‘मी २०१० पासून दारव्ह्यात राहतो’ हा मराठीत साधा वर्तमानकाळ. इंग्रजीत त्याचं ‘आय हॅव लिव्ह्ड इन दारव्हा सिन्स २०१०’ होतं. गाव सोडलं, की ‘आय लिव्ह्ड देअर’. याच यवतमाळ जिल्ह्यातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. तिथेही ‘वॉज’च, ‘हॅज बीन’ नव्हे.

नियमाला प्रांतभेदही आहे. ‘जेवलास का?’ हे ब्रिटिश माणूस बहुधा ‘हॅव यू ईटन यट?’ असं विचारतो, तर अमेरिकन बोलण्यात ‘डिड यू ईट यट?’ सर्रास ऐकू येतं.