लेहच्या धावपट्टीवरचं वजनाचं गणित

सुट्टी संपवून सातारा-कोल्हापूरकडचा जवान हिवाळ्यात लडाखला परततो, तेव्हा बर्फाने घाट बंद असले तर शेवटचा टप्पा विमानानेच गाठावा लागतो. हवाई दलाची मालवाहू विमानं असतातच. शिवाय लष्कर प्रवासी विमानंही भाड्याने घेतं. पुण्याहून दिल्लीला जाताना आपण बसतो तशीच ही विमानं, पण लेहला त्यांचा कस लागतो.

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंचीवर आहे. तिथली हवा मुंबईच्या मानाने जेमतेम पाऊणपट दाट. पंखांना तेवढीच उचल मिळायची तर विमानाला सुमारे १७ टक्के जास्त वेग लागतो. वैमानिकासमोरचा वेगमापक हवेच्या दाबावर चालतो, त्यामुळे त्यावर नेहमीचाच आकडा दिसतो. चाकं मात्र खऱ्या वेगाने जमिनीला टेकतात. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे एरवीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ऊर्जा जिरवायची असते, तीही पावणेतीन किलोमीटरच्या धावपट्टीवर.

आणखी एक अडचण केबिनमध्येच असते. केबिनमधली हवा दहा हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ झाली की अनेक प्रवासी विमानांत धोक्याचा भोंगा वाजतो. लेहची धावपट्टीच १०,६८२ फुटांवर! म्हणून इथे येणाऱ्या विमानांत इशाऱ्याची ही मर्यादा वाढवण्याची सोय असावी लागते.

उड्डाण तर उतरण्याहून अवघड. विरळ हवेत इंजिनांचा जोर घटतो, समोर डोंगर, आणि ऊन चढेल तशी हवा आणखी विरळ होते. म्हणून इथली वाहतूक मुख्यतः सकाळची. जुलै २०२४ मध्ये तर उष्म्यामुळे लेहची विमानं रद्द करावी लागली होती. अशा वेळी वैमानिकाच्या हातात उरतं ते वजन : माणसं कमी, सामान कमी किंवा इंधन कमी.

आणि सैनिकी चार्टरमध्ये हेच वजन फसवं असतं. नेहमीच्या फेरीत प्रवाशांचं सरासरी वजन धरलं तर चालतं, कारण त्यात लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात. इथे सगळेच धडधाकट तरुण. अंगावर जाड कोट, पायात जड बूट, सोबत पाठपिशवी. १२ डिसेंबर १९८५ रोजी कॅनडातल्या गँडरहून उडालेलं भाड्याचं डीसी-८ काही क्षणांत कोसळलं. सिनाईतली कामगिरी आटोपून नाताळसाठी घरी निघालेले २४८ अमेरिकी सैनिक आणि ८ कर्मचारी त्यात गेले. चौकशी मंडळात एकमत झालं नाही. बहुमताने पंखांवरच्या बर्फाकडे बोट दाखवलं, पण सैनिकांचं वजन प्रत्यक्षापेक्षा कमी धरलं होतं, हेही नोंदवलं.

गँडर समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटर उंचीवर आहे. लेहच्या हवेत तर चुकीला एवढीही जागा नाही. सैनिकी चार्टरला सरासरीचा हिशेब लावू नये. प्रत्येक जवानाचं त्याच्या सामानासकट काट्यावर वजन व्हावं, आणि तोच आकडा वैमानिकाच्या हाती पडावा.