शिवारातील कीटक आणि खिशातला कॅमेरा

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूरच्या शिवारात खरिपाचे सोयाबीन वाढीला लागले, की चक्रीभुंग्याची मादी देठावर किंवा फांदीवर दोन समांतर चक्रकाप घेते, त्यांच्यामध्ये अंडी घालते आणि कापाच्या वरचा भाग सुकू लागतो. हा भुंगा जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा असल्याने त्याचे जवळून छायाचित्र घेण्यासाठी महागडा कॅमेराच हवा, असे मानले जाते. प्रकाशशास्त्र मात्र साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या बाजूने कौल देते.

प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारा संवेदक अशा बहुतेक कॅमेऱ्यांत सुमारे 6.2 × 4.6 मिलिमीटरचा असतो, तर व्यावसायिक कॅमेऱ्यात तो 36 × 24 मिलिमीटरपर्यंत असतो. संवेदक लहान म्हणून भिंगाचे नाभीय अंतरही कमी राहते, आणि तितक्याच चौकटीत, तेवढ्याच छिद्रांकाला, विषयाचा अधिक खोलवरचा भाग स्पष्ट उमटतो. त्यामुळे मिशांपासून पंखांच्या टोकापर्यंत बहुतेक कीटक एकाच चित्रात रेखीव येतो.

फुलाचे चिन्ह असलेल्या मॅक्रो पद्धतीत काही कॅमेरे एक-दोन सेंटिमीटरवरूनही टिपतात, परंतु इतक्या जवळ कॅमेऱ्याचीच सावली पडते आणि कीटक उडून जातो. त्यापेक्षा झूम वाढवून समोर 5 सेंटिमीटर नाभीय अंतराचे साधे भिंग धरणे अधिक सोयीचे ठरते. कॅमेरा दूरच्या अंतरावर स्थिरावलेला असताना कीटक भिंगापासून 5 सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतो, आणि झूमचे प्रत्यक्ष नाभीय अंतर 22 मिलिमीटर असेल, तर अवघी 14 मिलिमीटर रुंदीची जागा सारी चौकट व्यापते.

कीटकांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर अवलंबून असल्यामुळे पहाटेच्या गारव्यात ते मंद असतात, म्हणून तीच वेळ उत्तम. त्यांना शीतपेटीत ठेवून सुन्न करण्याची काहींची युक्ती मात्र निषेधार्ह आहे, कारण त्यात जिवाचे हाल होतात आणि कोणत्या झाडावर, काय करताना तो सापडला, ही सर्वांत मोलाची माहितीही हरवते.

परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ किंवा तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे ओळख पटवण्यासाठी चित्र न्यायचे असल्यास सौंदर्यापेक्षा खुणा महत्त्वाच्या. भारतात 2018 मध्ये प्रथम आढळलेल्या अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण असते आणि शेपटीजवळ चौकोनात मांडल्यासारखे चार ठिपके असतात, त्यामुळे मक्यावरील अळीची दोन्ही टोके वेगवेगळ्या चित्रांत टिपावी लागतात.