पंख्याचा पिच आणि कोयनेचे पाणी

रहाटणी-काळेवाडीच्या पट्ट्यात, पत्र्याच्या शेडमध्ये लेथवर उभा राहून दिवसभर आटे पाडणाऱ्या टर्नरला पिच म्हणजे काय हे शिकवू जाणे धार्ष्ट्याचे होईल. बारा मिलिमीटरच्या साध्या बोल्टचा पिच पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे नटाचा एक फेरा झाला की तो तेवढाच पुढे सरकणार, त्यात उणे-अधिक काही व्हायचे नाही, हा हिशेब त्याच्या बोटांत मुरलेला असतो. मोटारबोटीच्या पंख्यावर ‘१३ × १३’ असे जे दोन आकडे कोरलेले आढळतात, त्यांतला पहिला व्यासाचा आणि दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. आणि या दुसऱ्या आकड्याचा अर्थही तत्त्वतः तोच, की पाणी जर लोखंडासारखे घट्ट असते तर एका फेऱ्यात पंखा तेरा इंच पुढे गेला असता. परंतु पाणी तसे नाही. आणि हौसेने लहानशी मोटारबोट बाळगणाऱ्या गृहस्थाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका वाक्यात आहे.

आकडा झिजून गेला असेल, किंवा पाते कोठे आपटून वाकले असल्याचा संशय असेल, तर खातरजमा करण्यास रहाटणीतल्या कोणत्याही बऱ्या वर्कशॉपात असणारी सामग्री पुरेशी आहे. पंखा हबवर उभा करून सरफेस प्लेटवर ठेवावा, मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे सत्तर टक्के अंतरावर पात्याच्या दोन्ही कडांना खुणा कराव्यात, हाइट गेजने दोहोंची उंची घ्यावी, आणि त्या दोन खुणा मध्याशी किती अंशांचा कोन करतात ते पाहावे. साठ अंशांत, म्हणजे वर्तुळाच्या सहाव्या हिश्शात, उंचीचा फरक पंचावन्न मिलिमीटर भरला तर पूर्ण फेऱ्यास तीनशे तीस, अर्थात तेरा इंच. अशी मोजणी प्रत्येक पात्याची करावी. पाती एकमेकांशी जुळत नसतील तर बोटीला जी थरथर येते तिचे खापर उगाच इंजिनाच्या माथी फुटते. पात्याला पीळ का दिलेला असतो, हेही येथेच उलगडते: मध्यापासून तीन इंचांवरचा बिंदू एका फेऱ्यात लहान वर्तुळ फिरतो आणि टोक मोठे वर्तुळ, परंतु दोघांनाही पुढे तेरा इंचच जायचे असल्यामुळे आत पाते सुमारे पस्तीस अंशांत उभे आणि टोकाशी जेमतेम अठरा अंशांत निजलेले असावे लागते.

आता पाण्याकडे वळू. तेरा इंचांचा पंखा, इंजिनाचे मिनिटाला ५,५०० फेरे आणि गिअरचे प्रमाण दोनास एक, म्हणजे पंख्याचे २,७५० फेरे, असा हिशेब मांडला तर कागदावर ताशी साडेचोपन्न किलोमीटरांचा वेग निघतो. प्रत्यक्षात बोट सेहेचाळीसच्या आसपास धावते. या पंधरा टक्क्यांच्या तुटीला स्लिप म्हणतात, आणि नवखा माणूस तिला चोरी समजतो. ती चोरी नव्हे. पाण्याला मागे लोटल्याखेरीज बोटीला पुढे रेटा मिळत नाही, हे न्यूटनचे शासन आहे, आणि पाणी मागे जाते याचाच अर्थ पंखा कागदी अंतराइतका पुढे जात नाही. स्लिप अगदी शून्यावर आली तर रेटाही जवळजवळ नाहीसाच होईल. वेगाने पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाणाऱ्या हलक्या बोटीस दहा ते वीस टक्के स्लिप ही स्वाभाविक समजली जाते. याहून बरीच अधिक निघाली, तर मात्र पंखा वाकला आहे, वरून हवा ओढत आहे किंवा बोटीच्या मानाने चुकीचा आहे, यांपैकी काहीतरी खास.

पंख्याच्या विद्येचा इतिहासच मुळी एका अपघाताशी जोडलेला आहे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज गृहस्थाने १८३६ साली ज्या लाकडी स्क्रूचे पेटंट घेतले, तो दोन पूर्ण वेढ्यांचा होता. वेढे अधिक तर पकड अधिक, अशी त्याची साधीसरळ समजूत होती. १८३७ मध्ये पॅडिंग्टनच्या कालव्यात चाचणी चालू असता त्याचा अर्धा भाग मोडून पडला, आणि सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध नावेचा वेग वाढला. पाण्यात लाकडाची लांबी घासत राहणे म्हणजे शक्तीचा अपव्यय, हा धडा असा फुकट मिळाला. आजची रुंद, आखूड पाती त्याच वंशातली.

पिच ठरवण्याचे काम अखेर इंजिनावर येऊन ठेपते. प्रत्येक आउटबोर्ड इंजिनाच्या पुस्तिकेत, थ्रॉटल पूर्ण उघडला असता फेरे कोणत्या मर्यादेत असावेत, ते मुक्रर केलेले असते; अनेक इंजिनांत ही मर्यादा ५,००० ते ६,००० अशी असते. पिच प्रमाणाबाहेर मोठा असेल तर इंजिन त्या मर्यादेपर्यंत चढतच नाही, कुंथत राहते, तापते, आणि मालकाला मात्र मोठ्या पिचचा पंखा बसवल्याचे समाधान असते. पिच फार लहान असेल तर उलट प्रकार: बोट झटकन उचल खाते, पण फेरे मर्यादेबाहेर पळतात. ढोबळ नियम असा, की पिच एका इंचाने कमी केला की फेरे दीडशे ते दोनशेंनी वाढतात. समजा पंधरा इंचांच्या पंख्यावर फेरे ४,९०० वर अडकले आणि आपणांस ५,५०० हवेत, तर तीन ते चार इंचांची उतरण करावी लागेल. बारा इंचांचा पंखा घेऊन पाहावा. वेगाचा मोह असलेल्यास हा सल्ला कडू लागतो, परंतु फेरे हाती आल्यावर लहान पिचवर बोट बहुधा अधिकच धावते.

कोयनेच्या जलाशयाकाठच्या तापोळा किंवा बामणोलीच्या धक्क्यावरची गोष्ट येथे आवर्जून सांगण्यासारखी आहे. कोयनेचा शिवसागर जलाशय पूर्ण भरला असता त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटरांवर असते, आणि तेवढ्या उंचीवर हवेचा दाब मालवण-अलिबागच्या किनाऱ्याहून सात-साडेसात टक्के कमी असल्यामुळे इंजिनाची शक्तीही साधारण त्याच मापाने घटते. आधुनिक फ्युएल इंजेक्शन इंधनाचे प्रमाण जुळवून घेईल, नसलेली हवा ते कोठून आणणार? पंखा फिरवण्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून सात टक्के शक्ती गेली तरी फेरे दोन-अडीच टक्क्यांनीच उतरतात, म्हणजे ५,५०० चे सुमारे ५,३६०. वरच्या नियमाने पाहिले तर हे जवळपास एका इंचाचे देणे झाले. मुंबईच्या समुद्रावर चोख बसलेला पंखा शिवसागरावर एका इंचाने जड पडतो, तो असा.

त्यावर माणसांचे ओझे. वासोट्याच्या किल्ल्याकडे निघालेली मंडळी पाठीवरच्या पिशव्यांसह बोटीत दाटीने बसली, की रिकाम्या बोटीवर केलेल्या चाचणीचे आकडे दप्तरदाखल करण्याच्याच लायकीचे उरतात. माझ्या मते पंख्याची निवड नेहमीच्या भारासह, भरलेल्या टाकीसह, त्याच पाण्यावर, टॅकोमीटरकडे पाहत करावी; दोघेच जण मौजेने फिरणार असतील तर गोष्ट वेगळी. गावकऱ्यांची ने-आण करणाऱ्या अवजड लाँचींचा मामला तर अगदीच निराळा, कारण त्या पाण्यावरून घसरत नसून पाणी कापत सावकाश जातात, आणि त्यांना व्यास मोठा व पिच लहान असाच पंखा मानवतो.

रहाटणीजवळची पवना नदी या प्रयोगांस उपयोगाची नाही. जलपर्णी दाटली की तिची मुळे पंख्याभोवती गुंडाळून बसतात आणि मग कोणताही पिच सारखाच.

राहता राहिला धातूचा प्रश्न. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ करता येतात, वेगात वाकत नाहीत, म्हणून ती अधिक कार्यक्षम, आणि महागही. परंतु उन्हाळ्यात शिवसागराची पातळी उतरू लागली, की बुडालेल्या शिवारांचे बांध आणि खडक पृष्ठभागाच्या अगदी खाली येऊन ठेपतात; त्यांवर ॲल्युमिनियमचे पाते आपटले तर ते स्वतः वाकते किंवा मोडते, स्टीलचे आपटले तर तो धक्का गिअरपर्यंत पोहोचण्याची धास्ती अधिक. मार्च ते जून या मुदतीत ॲल्युमिनियमचाच पंखा लावावा, आणि त्याच पिचचा दुसरा, नट, वॉशर आणि पान्यासह, बोटीतच ठेवावा.