बोलक्या नंदिविसालाचा प्रश्न

मुलांच्या सचित्र पुस्तकांत नंदिविसाल या बोलक्या बैलाची जातककथा अनेकदा आढळते. शेवटी बहुधा 'गोड बोलल्याने काम होते' असे तात्पर्य छापलेले असते. आमच्या मते त्यात कथेचे मर्म हरवते.

जातकट्ठकथेत ही कथा २८व्या क्रमांकावर आहे. तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाने दान मिळालेले वासरू पुत्रवत् वाढविले. त्या उपकाराची फेड म्हणून बैलाने स्वतःच सुचविले की, आपला बैल भरलेल्या शंभर गाड्या ओढील, अशी एका श्रेष्ठीशी हजाराची पैज लावावी. ऐन वेळी ब्राह्मणाने त्याला 'कूट', म्हणजे लबाड, म्हणून हाकारले. बैल खांबासारखा उभा राहिला, पैज गेली. घरी आल्यावर बैलाने विचारले, मी कधी तुमचे भांडे फोडले? कोणाला धडक दिली? मग मला कूट का म्हटले? पुढे दोन हजारांची पैज लागली, या वेळी आदराने हाक आली आणि सर्व गाड्या हलल्या.

हीच कथा विनयपिटकात दुसऱ्या पाचित्तिय नियमाच्या संदर्भात येते. छब्बग्गिय भिक्षू सदाचारी भिक्षूंना जाती, नाव, गोत्र, कर्म, शिल्प, रोग इत्यादींवरून हिणवीत. अशा बोलण्यास 'ओमसवाद' म्हणतात. नियमाच्या विवरणात चंडाल, वेण, नेसाद, रथकार, पुक्कुस ही त्या काळी हीन मानलेली नावे स्पष्ट नोंदविली आहेत. हिणविण्याच्या हेतूने 'ब्राह्मण' म्हटले तरी दोष तोच. केवळ थट्टेने बोलल्यास दोष सौम्य, 'दुब्भासित'; पण तोही दोषच.

मालवणी मुलुखात हे विशेष समजून घ्यावयास हवे. आमच्या बोलीत थट्टा आणि शिवी यांतील अंतर थोडे असते. शाळेत जातीवरून ठेवलेले टोपणनावही 'गंमत' म्हणून खपविले जाते. ज्याला ते चिकटते, त्याला ती गंमत वाटत नाही.

जनावर बोलते, हा येथे चमत्कार मानण्याचे कारण नाही. ज्याच्याकडून केवळ काम घेतले जाते, त्याला कथाकाराने वाचा दिली आहे. तो अधिक चाऱ्याची मागणी करीत नाही. आपल्याला दिलेल्या नावाचा जाब विचारतो, आणि तोवर ओझे ओढीत नाही.

दुर्गा भागवतांच्या 'सिद्धार्थ जातक'च्या सात खंडांमुळे जातके मराठीत उपलब्ध आहेत. सिंधुदुर्गातील धम्मवर्गांसाठी या कथेचे चित्रपुस्तक करावयाचे झाल्यास विजयाच्या चित्राआधी स्तब्ध उभ्या बैलाला पूर्ण पान द्यावे आणि खाली त्याचाच प्रश्न छापावा. तात्पर्य मुलांनाच काढू द्यावे.