समुद्राचे भाकित आणि निरीक्षणाचे साह्य

उचगावात बसून समुद्राविषयी लिहिणे काहीसे विचित्र वाटेल. परंतु पंचगंगेच्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीच्या आकड्याकडे कान लावून बसणाऱ्या येथील माणसास प्रत्यक्ष मोजमापाचे मोल वेगळे सांगावयास नको. भाकित कितीही शास्त्रशुद्ध असो, निरीक्षणाने ते वारंवार दुरुस्त करावे लागते. समुद्राच्या बाबतीत हे कसे घडते, ते पाहू.

संगणकातील समुद्राचे प्रतिमान म्हणजे भौतिकीच्या समीकरणांनी बांधलेली बिंदूंची जाळी होय. प्रत्येक बिंदूवरील तापमान, क्षारता व प्रवाह यांचे गणित पुढे चालते. आरंभीच्या स्थितीत अल्पशी चूक असली तरी ती कालांतराने वाढत जाते. म्हणून ठरावीक अंतराने या गणितात निरीक्षणे मिसळावी लागतात. ही क्रिया पाठचिकित्सेशी मिळतीजुळती आहे. चिकित्सक संपादक प्रत्येक पोथीस तिच्या विश्वासार्हतेप्रमाणे वजन देतो. भेद इतकाच की, संपादक अखेर एक पाठ निवडतो; येथे भारित मध्य काढतात. समजा, प्रतिमान २९ अंश सांगते, यंत्र ३० अंश दाखविते आणि यंत्राच्या साक्षीस तिप्पट वजन आहे. तर स्वीकृत तापमान २९.७५ अंश ठरेल. परस्परसंबंधाच्या प्रमाणात ही दुरुस्ती शेजारच्या बिंदूंपर्यंतही पोहोचते.

उपग्रहास केवळ पृष्ठभागाचे तापमान दिसते. खोलीची साक्ष ‘आर्गो’ योजनेतील तरंगती यंत्रे देतात. सुमारे १००० मीटर खोलीवर वाहत राहून, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरून ती वर येतात व नोंदी उपग्रहाकडे धाडतात. हैदराबाद येथे १९९९ साली स्थापन झालेली ‘इन्कॉइस’ ही संस्था अशा नोंदी आपल्या प्रतिमानांत समाविष्ट करते.

याचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. चक्रीवादळाचे बळ पृष्ठाखालील उष्णतेवरही अवलंबून असते. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडून अनेक कामगार मृत्यू पावले. असे प्रसंग टाळण्यास इशारा पाळणे आवश्यक आहेच. पण तो विश्वासार्ह असणे ही त्याची पहिली अट होय.

तथापि समुद्रात नांगरून ठेवलेल्या बोयांभोवती मासे जमतात, आणि तेथे मासेमारी करताना त्या उपकरणांची हानी होते. बोया निकामी झाला की एक साक्षीदार मुका होतो, आणि त्याची उणीव पुढे नौका हाकारणाऱ्या कोळ्यालाच भोवते. साक्षीदारांचे जतन हा म्हणूनच भाकितशास्त्राचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.